पाठीवर पडून शिवलेली गोधडी

"हे डिस्कचं दुखणं नाही," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पाटीवर लावली. "बाकी सगळ्या मणक्यांच्या मधे फट दिसते. इथं बघा. इथं फट राहिलेली नाही. दोन्ही मणके कुरतडले गेलेत. हा मणक्याचा टीबी दिसतोय. पॉट्स स्पाइन म्हणतात याला."

मी म्हणालो, "टीबी कसा असेल? मला तर खोकलाच नाही."

मी बीएस्सी आहे, केमिस्ट्री घेऊन. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पण टीबी म्हणजे खोकला, यापलीकडं मला काही माहीत नव्हतं. तो हाडातही होतो, हे पुण्यातल्या त्या खोलीत, बायकोचा, मनीषाचा, हात धरून उभा असताना कळलं.

पाठ तशी बरेच महिने दुखत होती. शिरूरहून कंपनीच्या बसनं जायचो-यायचो. सीटला दोष दिला, मग गादीला दिला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, पँट ढिली झाली होती. मनीषा म्हणायची, "तुम्ही वाळायला लागलाय." मी म्हणायचो, शिफ्ट जड आहे. तुमच्यापैकी कुणाची पाठ झोपल्यावरसुद्धा दुखत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, तर सीटला आणि गादीला दोष देत बसू नका. एवढ्यासाठीच मी हे लिहायला घेतलं.

मग बायोप्सी झाली. म्हणजे पाठीतून सुई घालून मणक्याजवळचा तुकडा काढतात आणि तपासतात. टीबीच निघाला. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या फुप्फुसात काही नाही. तुमच्यामुळे घरात कुणाला होणार नाही. ताट, कपडे, अंथरूण, काही वेगळं करायचं नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

नंतर त्यांनी माझ्या पावलाला हात लावला. "माझा हात ढकला. जोरात." उजवा पाय ढकलला. डावा ढकलला, तेव्हा त्यांचा हात हललाच नाही.

"हाड अजून खचलं तर नसेवर दाब येईल," ते म्हणाले. "गोळ्यांनी हाड भरायला वेळ लागतो. तोपर्यंत सपाट झोपायचं. उठायचं नाही, बसायचं नाही, जेवायलासुद्धा नाही. कूस वळायची तर लाकडाच्या ओंडक्यासारखं, सगळं अंग एकदम. पाय आणखी कमजोर झाला तर लगेच यायचं. मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही."

"आणि चालणं?"

"ते पायच सांगेल."

शिरूरला आमची खोली जिना चढून आहे. मनीषाची नोकरी सोडून चालणार नव्हतं. म्हणून मला राहूला, आमच्या गावी, आईकडं आणलं, मागच्या सीटवर आडवं टाकून. मनीषा रविवारी यायची. बाकी मी आणि आई.

राहूच्या घरात पुढच्या खोलीत खाट. वर पत्रा. पत्र्याला किती खिळे आहेत ते विचारू नका, मला पाठ आहेत. डाव्या हाताला खिडकी, तिच्यातून उसाचे तुरे आणि गुऱ्हाळाचा धूर. बाहेर ट्रॅक्टर गाणी लावून पाटसच्या कारखान्याकडं जायचे आणि मी त्या गाण्यांवर डोकंसुद्धा हलवायचं नाही. एकदा वस्तीत ओरडा झाला, "बिबट्या, बिबट्या!" सगळे धावले. मी पडल्या पडल्या फक्त एवढंच म्हणू शकलो, "दार लावा रं कुणीतरी!"

जेवण आडवं. लघवी आडवी, तीही गोळ्यांनी नारिंगी झालेली. पहिल्यांदा पाहून आई रडायलाच लागली होती. गोळ्यांना एकेटी म्हणतात, टीबीची औषधं. दौंडच्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळायची. सकाळी घेतल्या की दुपारपर्यंत मळमळ. त्यातल्या एका गोळीनं क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो, म्हणून डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, "लाल आणि हिरवा नीट ओळखू येतो का, बघत जा. फिका वाटला तर कळवा."

आई रोज अंघोळीच्या आधी माझ्या डाव्या पायाला हात लावायची. "ढकल रं." मी ढकलायचो. ती म्हणायची, "कालच्यावानीच हाय." हे ऐकून मी पुन्हा पत्र्याकडं बघायचो.

माझी आई गोधड्या शिवते. लोक जुन्या साड्या, लुगडी आणून देतात आणि ती त्यांचे थर लावून धावदोऱ्यानं शिवते. आमच्याकडं गोधडी बसून शिवतात. जमिनीवर थर पसरायचे, कडेनं टाचायचे आणि त्यावरच मांडी घालून कडेकडून मधे शिवत यायचं. अंगाचं वजन असलं की थर सरकत नाहीत. शेवटचा मधला चौकोन तर बसूनच पुरा करायचा, त्याशिवाय आमच्या घरात गोधडी झाली असं म्हणत नाहीत.

एक दिवस मागच्या आळीतली एक बाई आली आणि तिनं दिलेलं साड्यांचं बोचकं परत मागितलं. "घाई न्हाई मला," एवढंच बोलली. आईनं बोचकं आणून दिलं. मी आतून सगळं ऐकत होतो. उठून दारात जावं, डॉक्टरांचं वाक्य तिला म्हणून दाखवावं, असं फार वाटलं. खाटेवरून ओरडावं तर गावाला आणखी निमित्त. पत्र्याचे खिळे मोजत राहिलो. आणखी दोघी आल्या, त्याही तसंच करून गेल्या. आईची सुई बंद पडली.

शेजारी रशीदाखाला राहते. आईची लहानपणापासूनची मैत्रीण, म्हणून माझी खाला, म्हणजे मावशी. ती आली तीच एक गाठोडं घेऊन. त्यात तिच्या वारलेल्या अम्मीच्या सुती ओढण्या होत्या.

"ह्ये घे. गोधडी कर."

आई म्हणाली, "आगं, लोक घेऊन चाललेत आन् तू आणतीस?"

"मग? माझ्या अम्मीच्या ओढण्यांना फुप्फुसं हायत व्हय, टीबी व्हायला?" मग माझ्याकडं हात करून, "आन् तू नको शिवूस. ह्याला शिवू दे. पत्रा बघून बघून येडा व्हईल त्यो."

"त्याला बसता येत न्हाई. झोपून कुठं गोधडी शिवत्यात का?"

"मला काय ठाव? कालेजात गेलाय न्हवं, काढल काहीतरी."

झालं. मला काम मिळालं आणि पहिल्यांदाच, गोळ्या सोडून, उद्या कशाची तरी वाट बघावी असं वाटलं.

मी कंपनीतल्या माणसासारखा विचार केला. माणूस वर जाऊ शकत नाही, तर काम खाली आणू. खाटेला मच्छरदाणीच्या चार काठ्या होत्याच. त्यांना थर ताणून बांधायला लावले आणि छताखाली गोधडी टांगून खालून शिवायला घेतली. सुई वर ढकलली की ती वरच राहायची. आईनं वरून ती परत खाली टोचायची. दोऱ्याचा गुंता तोंडावर. मधेच सगळं कापड पोट सुटल्यासारखं खाली आलं आणि नाकाला लागलं.

आई हसून हसून खाली बसली. "वटवाघळाची गोधडी हाय का रं ही?"

बऱ्याच दिवसांनी ती हसली होती, म्हणून मला राग आला नाही.

मग दुसरी रीत काढली. सगळी गोधडी एकदम नको. वीतभर चौकोन करायचे, प्रत्येकात तीन थर, छातीवर धरून शिवायचे. नंतर जोडायचे. पहिला चौकोन मी अंगातल्या बनियनसकट शिवला. मनीषा रविवारी आली तेव्हा तो माझ्यापासून कापून काढावा लागला. "नवरा ठेवू का चौकोन ठेवू?" म्हणाली.

हात बसला. टाके तांदळाच्या दाण्याएवढे यायला लागले. चारही बाजूंनी कड दुमडून घट्ट शिवायची, चौकोन उलटून बघायचा, ताणून बघायचा, मगच उशाशी ठेवायचा. कंपनीत कसं, एक पार्ट पुरा, तपासलेला, पास. कंपनीतला संतोष भेटायला आला. उशाशी चळत बघून म्हणाला, "क्वालिटीवाले, डिस्पॅच कधी?" मग गंभीर होऊन म्हणाला, "लवकर ये राव. तुझ्या टेबलावर नवा पोरगा बसवलाय." तो गेल्यावर मी दिवसभर सुई हातात घेतली नाही. आईनं पायाला हात लावला तर म्हणालो, "नको. कालच्यासारखाच असणार."

अर्धे चौकोन झाल्यावर आईनं ते जोडून दिले. मी म्हणालो, माझ्याखाली घाल, बघू कसं वाटतं. आईनं आणि रविवारी आलेल्या मनीषानं मला ओंडक्यासारखं वळवलं, गोधडी सरकवली, परत वळवलं.

मी ओरडलो.

प्रत्येक चौकोनाची कड दुमडलेली, त्यावर दुसऱ्याची दुमडलेली. जोडाच्या जागी दोरीसारखे वळ झाले होते, आणि त्यातला एक बरोबर दुखऱ्या मणक्याखाली आला होता. एकेक चौकोन तपासून पास केला, पण त्यावर माणूस झोपणार आहे, हे तपासलंच नव्हतं. त्यावेळी घरात माझ्या पाठीएवढं बारीक माप घेणारं गेज दुसरं नव्हतं, आणि तिनं सगळा माल नापास केला.

आई म्हणाली, "राहू दे. खालाला सांगते, व्हत न्हाई म्हनून."

मी म्हणालो, "उसवू."

उसवायला शिवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. पण उसवताना रीत सापडली. चौकोनाची कड शिवायचीच नाही. बोटभर मोकळी सोडायची. शेजारच्या चौकोनाचा वरचा थर वरच्याला जोडायचा, मधला मधल्याशेजारी नुसता टेकवायचा, खालचा खालच्यावर थोडा चढवायचा, आणि मग जोडावरून धावदोरा पलीकडे न्यायचा. पुरा झालेला असा एकही चौकोन नाही, सगळे एकमेकांत शिरलेले. पुन्हा अंगाखाली घातली. हाताला जोड लागला, पाठीला नाही लागला.

ओढण्यांत एक तांबडी होती, एक हिरवी. सकाळी डोळे उघडले की आधी ते दोन चौकोन बघायचे, मग चहा. एकदा हिरवा राखाडी दिसला. "आई, डोळे गेले!" आई चुलीपुढून आली, बघितलं. "आरं त्यो राखाडीच हाय. हिरवा तुझ्या बुडाखाली हाय."

पुण्याला तपासणीला नेलं तेव्हा मी आडवा, आणि चौकोनांची पिशवी पोटावर. ईएसआर, म्हणजे रक्तातून सूज किती आहे ते सांगणारी तपासणी, पुष्कळ खाली आली होती. एक्स-रेमध्ये हाड आणखी खचलं नव्हतं. डॉक्टरांनी डाव्या पावलाला हात लावला. "ढकला."

मी ढकललं. त्यांचा हात मागे गेला. थोडासाच, पण गेला. मागं उभ्या मनीषालाही दिसेल इतका गेला.

"ऑपरेशनची गरज वाटत नाही," ते म्हणाले. "पट्टा लावून बसायला सुरुवात करा. अगदी थोडं. गोळ्या मात्र एक दिवसही सोडायच्या नाहीत. बरं वाटायला लागलं की लोक सोडतात, आणि मग परत इथंच येतात."

राहूला आल्यावर उरलेले चौकोन जोडून आईनं गोधडी जमिनीवर अंथरली. मधला चौकोन मी शिवला नव्हता, मुद्दाम. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा. मनीषानं आणि आईनं मला ओंडक्यासारखं वळवून, पाय सोडून, उभं करून, मग खाली बसवलं. खोली फिरली. पत्रा वर होता तो एकदम मागे गेला, आणि चूल, दार, आईचं तोंड, सगळं समोर आलं. किती दिवसांनी मी कुणाकडं समोरून बघत होतो.

चार टाके घातले. घाम फुटला. पाठीत थरथर. आई म्हणाली, "बस. उरलेले उद्या." पुन्हा आडवा. दुसऱ्या दिवशी पाच. एखाद्या दिवशी एकच. वीतभर चौकोन, पण तेवढ्याला कितीतरी वेळा बसावं लागलं, आणि दर वेळी परत त्याच पत्र्याखाली जावं लागलं.

मी अजून पट्ट्यात आहे. गोळ्या चालू आहेत. कंपनीत माझं टेबल माझं राहील का, माहीत नाही. दारापर्यंत काठीनं जातो, त्यापुढं अजून मोकळा झालेलो नाही. तुमच्यापैकी कुणी असं सपाट पडून हे वाचत असेल, तर धीर धरा असं मी सांगणार नाही, ते ऐकून मला फार राग यायचा. हाताला काहीतरी घ्या, एवढंच सांगतो. आणि कुणाच्या घरात असा रुग्ण असेल, तर त्याच्याकडं बोचकं घेऊन जा.

गोधडी न्यायला रशीदाखाला आली. तिनं ती उलटसुलट केली, जोडावरून हात फिरवला, अम्मीची तांबडी ओढणी गालाला लावली. मग मधल्या चौकोनाशी थांबली. तिथं टाके वाकडे, कुठं लांब, कुठं आखूड. क्वालिटीत मी ते पास केले नसते.

"बाकी समदं मशिनीवानी सरळ," ती म्हणाली. "मधीच असं वाकडं कशानं झालं रं?"

"तिथं मी बसलो होतो, खाला."

तिनं तो चौकोन वर येईल अशी घडी घातली आणि घेऊन गेली.