भरलेल्या गाडीला वाट

रेल्वेवाल्यांच्या घरात 'कधी येणार' असं कुणी कुणाला विचारत नाही, 'कुठवर आलात' असं विचारतात. त्या दुपारी नांदेडहून अक्काचा फोन आला, तेव्हा तिनंही तेवढंच विचारलं, "शीतल कुठवर आलीय रे?" शीतल म्हणजे अक्काची एकुलती लेक, माझी भाची. लातूरला माझ्या घराजवळच राहते, शिकवणीच्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. बापाची तब्येत बिघडली म्हणून सकाळीच मी तिला स्टेशनवर सोडून आलो होतो. "परळी सोडली म्हणत होती मघाशी," मी म्हटलं. अक्का म्हणाली, "आता सावकाश आली तरी चालतंय." दाजी गेले हे मला असं कळलं. त्याला महिना उलटून गेला, पण अक्काचा तो आवाज काही केल्या कानातून जात नाही.

दाजी मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीच्या आधी त्यांच्या पदाला मोठं इंग्रजी नाव मिळालं, त्यावरून मी त्यांना पुष्कळ छळलं. "आता साहेब झालात दाजी, आता तरी गाडी वेळेवर आणा," म्हणायचो. ते हसायचे आणि तंबाखू मळत बसायचे. आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी रूळ एकच. त्याच रुळावरून माणसांची गाडीही जाणार आणि कोळशाची, खताची, सिमेंटचीही. मग एकीला बाजूच्या रुळावर उभं करायचं आणि दुसरीला वाट द्यायची. बाजूला उभं राहायची पाळी बहुतेक वेळा मालगाडीचीच. दाजींची उभी नोकरी अशी थांबण्यात गेली. कुठल्यातरी आडस्टेशनावर शेवटच्या डब्याजवळ एकटा माणूस, सोबत डबा आणि पाण्याची बाटली. सण असो की सोयरीक, दाजींची जागा धरून ठेवायची आणि पंगत उठली की ती पुसून घ्यायची, हे आमच्या घरात ठरूनच गेलं होतं. माझ्या लग्नात ते हळदीला निघाले आणि मांडव सोडताना पोचले.

पण थांबायचं म्हणजे नुसतं बसायचं नाही. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी जाताना उभ्या गाडीच्या गार्डानं खाली उतरून तिच्याकडं नीट बघायचं असतं. कुठं धूर निघतोय का, काही लोंबतंय का, एखादं चाक तापलंय का. सगळं ठीक असलं की हिरवी झेंडी दाखवायची. शीतल लातूरला शिकायला आली, तेव्हापासून जाता-येता तिची गाडी कधीमधी बापाच्या उभ्या गाडीशेजारून जायची. पोरगी खिडकीला नाक लावून बसायची, हात हलवायची. आणि दाजी मान खाली घालून चाकं बघायचे. डब्यामागून डबा जायचा, पोरगी जायची, झेंडी तेवढी सरळ. एकदा घरी ती यावरून चांगलीच भडकली. "एकदा तरी वर बघा की बाबा!" दाजी म्हणाले, "चेहरे बघत बसलो तं चाकं कोन बघंल?" मी त्यावर मोठ्यानं हसलो होतो. शीतल हसली नाही.

माझं त्यांच्याशी भांडण वेगळंच. अलीकडं गाड्या वाढल्या, माल वाढला, आणि माणसांच्या गाड्याही बाजूला पडू लागल्या. मला वाट बघायची म्हटली की डोकं फिरतं. "माणसं उन्हात शिजवता आणि कोळशाला आधी सोडता, ही कुठली रीत?" असं मी त्यांना फोन करून विचारायचो, जणू काही तेच सिग्नल देत होते. "तुझ्या घरचा पंखा कशावर फिरायलाय?" एवढंच त्यांचं उत्तर. इतकं होऊनही लातूर-नांदेड रेल्वेनंच यायचं हा त्यांचा हुकूम. गाडी जाते लांबून, परळी-परभणी करत. बस चाकूर-अहमदपूरवरून केव्हाच पोचवते. पण बसवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "रस्त्यावर चाकं बघायला कोन असतंय?" म्हणायचे. शीतल नोकरीला लागली, स्वतः तिकीट काढू लागली, तरी बापाला भेटायला बसनं कधी गेली नाही. रेल्वेवाल्याची लेक बसमधून उतरली तर बापाचा अपमान, असंच तिला वाटायचं.

छातीच्या दुखण्यानं दाजींना वर्षभरात पार वाळवलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, त्यानंतरची ती सकाळ. निघताना मी शीतलला म्हटलं, "बसनं जा गं, लवकर पोचशील." ती म्हणाली, "बाबा विचारतील ना, कशानं आलीस म्हणून." परळीच्या पुढं एका लहानशा स्टेशनावर तिची गाडी बाजूला लावली. समोरून मालगाडी यायची होती. गाडी हलेना, तसा तिनं घरी फोन लावला. अक्कानं तो दाजींच्या कानाला धरला. फोन स्पीकरवर टाकलेला, म्हणून अक्काला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, मी निघालेय. पण गाडी थांबवलीय. मालगाडी यायलीय समोरून."

"भरलेली का रिकामी?"

"भरलेली दिसतीय. कोळसा हाय."

दाजींना धाप लागली होती. "मंग जाऊ दे तिला... भरलेली एकदा थांबली तं लवकर उठत न्हाई."

"अहो, लेकीशी बोला की काहीतरी!" अक्का ओरडली. पण त्यांनी डोळे मिटले होते. मालगाडी निघून गेली, शीतलची गाडी हलली, आणि ती परभणीला पोचायच्या आत इकडे सगळं संपलं.

तिची गाडी पुढंही रखडत राहिली. मी बसनं निघालो आणि तिच्या आधी पोचलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण पोचलो. दाजींच्या खोलीची खिडकी रुळाकडं उघडते. खाटेचं उशाकडचं टोक दाराच्या बाजूला आणि पाय खिडकीकडं, म्हणजे पडल्यापडल्या गाड्या दिसाव्यात. दारातून येणाऱ्याला त्यांचं टक्कल तेवढं दिसे. शीतल आली, दारात उभी राहिली आणि तिला बापाचा चेहरा दिसेना. खाट आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून अंग चोरत ती खिडकीपर्यंत गेली आणि मग वळली. तिथंच खाली बसली.

जलदानविधी झाला, माणसं पांगली. अंगणात खुर्च्या एकावर एक रचताना ती मला म्हणाली, "मामा, शेवटचं पण मालगाडीचंच बोलले." मी माझ्या परीनं समजूत घातली. म्हटलं, "बाई, त्या चाकांवर तू बसलेली असायचीस, म्हणून तर ते एवढ्या बारकाईनं बघायचे. ते तुलाच बघणं होतं." मला ते खरंच वाटतं, आजही वाटतं. तिनं हातातली खुर्ची खाली ठेवली. "मी खिडकीत बसलेली होते, मामा," म्हणाली. मी ती खुर्ची उचलून बाकीच्यांवर रचली.

लातूरला परतताना ती पहिल्यांदा बसनं आली. निघण्याआधी तिनं खोलीत जाऊन उशी उचलली आणि खाटेच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीशी ठेवली. आता तिथं कुणी पडलं तर समोर दार दिसेल. अक्का रोज ती खोली झाडते, चादर झटकते, उशी शीतलनं ठेवली तिथंच परत ठेवते. परवा मी गेलो तेव्हा ती त्या खाटेवर आडवी झाली होती, दाराकडं तोंड करून. मला वाटलं, झोपलीय. पाऊल वाजलं तशी म्हणाली, "शीतल का?"

"न्हाई अक्का, मी हाय," मी म्हटलं.