आधी त्याचं कडवं

सुमतीमावशींची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या रागातूनच झाली. मी शिकागोला नवा होतो. आपल्या मराठी मंडळाच्या चार जुलैच्या सहलीत कुणा काकूंच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी रचलेलं विडंबनगीत रंगलं होतं. चाल होती इथल्या जुन्या कूचगीताची, गुलामगिरी मोडण्यासाठी हत्यार उचलून फासावर गेलेल्या माणसाच्या नावाने सैनिक गात त्या गीताची. मावशींनी पेटीचा भाता मिटला. इथेच जन्मलेली निशा म्हणाली, “इट्स जस्ट अ ट्यून, मावशी.”

“त्या ट्यूनखाली एक माणूस पुरलाय, बाळा. आधी त्याचं कडवं म्हणा, मग काकूंच्या पोळ्यांवर काय हवं ते म्हणा.”

मावशींनी इथल्या सरकारी शाळेत हयातभर गाणं शिकवलं. ही चाल पुढे प्रार्थनेत गेली, संपकऱ्यांच्या मोर्च्यात गेली, पोरांनी मास्तरांच्या टवाळीलाही वापरली, हे त्याच हसत सांगत. शब्द बदलायला त्यांची कधीच हरकत नव्हती. मूळ माणूस पुसायला होती. शाळेने बजावलं, चाल वाजवा, शब्द नकोत, पालक तक्रार करतात. मावशींनी मुलांकडून कडवं म्हणवून घेतलं आणि त्यांचा वर्ग काढून घेतला गेला. तेव्हा आपल्या मंडळाने हूं की चूं केलं नाही.

माझी नोकरी गेली तेव्हा मी मावशींच्या कोरसच्या तालमीला जाणं सोडलं. मावशी भर बर्फात दारात उभ्या राहिल्या. “नोकरी गेली, आवाज नाही ना गेला?” म्हणाल्या आणि गाडीत घालून घेऊन गेल्या. आज त्यांचा कोरस मी चालवतो तो त्या दिवसामुळे.

आता शनिवारी मंडळ करणार असलेल्या मावशींच्या सत्काराची कार्यक्रमपत्रिका पाहा. तीच चाल, वर मावशींच्या कौतुकाचे शब्द, आणि मूळ कडवं गाळलेलं. विचारलं तर समिती म्हणते, आनंदाचा प्रसंग आहे, अमेरिकन पाहुणे येणार, उगाच वाद कशाला? ज्या कडव्यापायी या बाईंनी वर्ग गमावला, ते गाळून त्यांचा सत्कार! चाल हवी, माणूस नको. मला याची मनस्वी चीड येते आणि त्यांच्या या गौरवग्रंथात ती लिहू नये असं मला वाटत नाही.

मावशींना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे साथ देवोत आणि राग तसूभरही न उतरो. शनिवारी त्यांच्या खांद्यावर शाल पडण्याआधी कोरस उभा राहील. मूळ कडव्याची सुरुवात निशा करणार आहे. समितीने माइक बंद केला तरी करणार आहे.