वच्छलाबाईंनी दिलेला शब्द

कुणाला रागवायचं असलं की वच्छलाबाई आधी त्याच्या शेजारी जाऊन बसायच्या. उभ्यानं त्या कधी कुणाला बोलल्या नाहीत. लाखनीजवळच्या आमच्या राइस मिलमध्ये त्या तांदूळ निवडणाऱ्या बायकांच्या मुकादम होत्या आणि मी मॅनेजर. मलाही त्यांनी असंच शेजारी बसून झापलंय. "साहेब, बाया पाट्या वाचून नाई आयकत. त्याइले बसून सांगा लागते."

पाटी मीच चिकटवली होती, 'वीज वाचवा' म्हणून. विजेचं बिल पाहून शेठ माझ्यावर उखडले होते. सगळ्यात मोठी नासाडी ड्रायरच्या ब्लोअरची. उकडलेलं धान वाळवायला गरम हवा सोडणारा हा भलाथोरला पंखा. धान सकाळीच वाळून निघायचं, पण पंखा जेवणाच्या सुट्टीपर्यंत रिकामाच घरघरत राहायचा, कारण बायकांचे डबे त्याच्या गरम पाइपवर मांडलेले असायचे. पहाटे रांधलेला भात दुपारी वाफाळता मिळायचा. मी दोनदा पंखा बंद केला, दोन्ही वेळा कुणीतरी चालू केला. कुणी केला ते अर्थातच कुणालाच माहीत नव्हतं.

"बंद करून दाखवीन मी," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन मंग डबे कायवर गरम होतीन?"

मी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, टिनाची एक खोली बांधू, भुशाची शेगडी ठेवू. भुसा काय, ढिगानं पडलाय. मी ते बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मात्र बायकांपुढे शेठचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. "थंडीच्या आंदी शेगडी येते. मी बोलली ना, मंग?" हे त्यांचं नेहमीचं. त्या असं म्हणाल्या की बायका पुढे काही विचारत नसत. त्या दिवशीही विचारलं नाही. धान निघालं की पंखा बंद, हे सगळ्यांनी कबूल केलं.

आणि खरंच बंद झाला. बायकांना तर चटकच लागली. गोदामातले दिवे, शेडमधले पंखे, कुठे काही उगाच चालू दिसायची खोटी. एकदा मीच ऑफिसचा पंखा तसाच ठेवून निघालो तर एकीनं मागून हाक मारली. बिल उतरलं. शेठनी चारचौघांत माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटून घेतली.

खोली काही झाली नाही. आधी "हंगाम आटोपू दे", मग "यंदा राहू दे, काम तर होतंय ना!" मी विषय काढला, नाही असं नाही. पण बेताबेतानं, नोकरी सांभाळून. आज लिहितानाही कसंसं होतं.

थंडीत बायका गारढोण भात चिवडत बसायच्या. वच्छलाबाईंचं घर मिलच्या मागेच. सुट्टी झाली की त्या लगबगीनं घरी जायच्या आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, गरम कढीनं भरलेला गंज घेऊन यायच्या. प्रत्येकीच्या भातावर पळीभर कढी. त्यांच्या स्वतःच्या भाताला बहुतेक उरायची नाही. "तुम्ही कशाला एवढं करता?" मी एकदा विचारलं. त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, आता झापणार.

"मी खोटी पडली ना साहेब," एवढंच म्हणाल्या. झापलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पुढे गुडघे बोलायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. निरोपाच्या दिवशी शेठनी त्यांना शाल पांघरवली, दोन शब्द बोला म्हणाले. बाईंनी आमच्याकडे पाहिलंच नाही. बायकांकडे वळून हात जोडले. "बायाहो, शेगडीचं मी खोटं बोलली. मले माफ करजा."

शेठ मोबाइल पाहत होते. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत होतो. उठून 'तो शब्द आमचा होता' एवढंच म्हणायचं होतं. मला उठताच आलं नाही. बाईंचे डोळे भरून आले होते आणि लोक टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ड्रायरपाशी गेलो. धान निघालं होतं, पंखा बंद होता, डबे भिंतीशी तसेच पडले होते. "जेवणापर्यंत चालू राहू द्या," मी म्हटलं. "शेठचं मी पाहून घेईन." हात बटणाकडे गेलाही होता. तेवढ्यात त्यांच्यातली सगळ्यात जुनी देवकाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

"नोका लावू साहेब," ती म्हणाली. "आमी वच्छलाबाईले शब्द देल्ला हाये."