मनोऱ्यावर राहिलेला डबा
ओला बांबू चिरल्याचा वास आला की मला कर्जतजवळच्या निसर्ग उद्यानातला मनोरा आठवतो. रानातले प्राणी बघण्यासाठी तो बांधायचा होता आणि आराखडा माझा होता. खांबांना साजगावच्या भंगारातले लोखंडी पाईप आणि वर सगळा गावातलाच बांबू, असं ठरलं होतं. पण ज्यांच्या बेटातला बांबू हवा होता, ते एक म्हातारे शेतकरी होते आणि ते काही तो देईनात. "आमी जल्मभर माळ्यावर बसून डुकरं हाकलली, भात राखला," ते म्हणाले, "नि तुमी त्यांना बघायला माळा बांधनार? तेबी माझ्या बांधाला लागून?" त्यांचं खरंच होतं. मग मी मनोरा शेतापासून उचलून ओढ्यापलीकडे, रानातल्या पाणवठ्याशी नेला, तेव्हा कुठे त्यांनी कोयता काढला. काम संपलं त्या संध्याकाळी पहिलं चढायचा मान त्यांनाच दिला. सवयीने ते काठी आणि पत्र्याचा डबा घेऊनच वर आले. ऊन उतरलं तशी एक डुकरीण पाण्यावर आली, मागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं. त्यांनी डब्यावर मारायला काठी उचलली. पण काठी तशीच हवेत राहिली. "लेकुरवाळी हाय गं," ते कुजबुजले आणि काठी हळूच मांडीवर ठेवली. उतरताना डबा वरच राहिला. परवा गेले तर तो अजून कठड्याला टांगलेला होता आणि त्यात दयाळ पक्ष्याने घरटं केलं होतं. शेतातल्या माळ्यासाठी त्यांनी दुसरा डबा आणलाय. तो अजून रोज वाजतो.