हाव जी, पाहून सांगते

हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. नाई सांगितलं तर पोट दुखन माह्यं. अंगणात मामी चादरीवर सरगुंडे पसरवून राह्यली आहे, मले दोनदा हाक मारून झाली, "ये वं, दुसरं टोक धर," अन् मी ओट्यावर बसून मोबाइलवर दोन्ही अंगठ्यानं टाइप करून राह्यली आहे. येते मामी. हे तुह्याच बद्दल आहे.

मामीचं घर केळझरले, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. ती उन्हाळाभर सरगुंडे, कुरड्या, पापड, मुंगवड्या करते अन् दर्शनाले आलेले लोक जाता जाता घेऊन जाते. सरगुंडे ज्याइनं खाल्ले नाई त्याइच्यासाठी सांगते: कणकीची बारीक दोरी काडीले गुंडाळायची, अलगद काढायची, उन्हात वाळवायची, मंग शिजवून आंब्याच्या रसासंगं खायची. बस, पुढचं काही विचारू नका, तोंडाले पाणी सुटते.

मी वर्ध्याले कॉलेजात कॉम्प्युटर शिकते, सुट्टीत मामीकडे राह्यते. यंदा आल्या आल्या म्हटलं, मामी, तुह्यी वेबसाइट करू. मामी म्हणे, कर. साइट तर एका दिवसात झाली. फोटो मीच काढले. एका फोटोत पापड उचलणारा मामाचा हात आला आहे, तो तसाच ठेवला, घरचं वाटते.

मंग मले वाटलं, याच्यात सर्च बॉक्स पाहिजे. म्हणजे कोणी "पापड" लिहिलं की पापड समोर. असा डब्बा तयारच भेटते, फुकट. चार ओळी आपल्या साइटमध्ये टाकायच्या अन् मंग पाहिजे ते बदलायचं. रंग बदला. कोपरे गोल करा. आत फिकट अक्षरात काय लिहायचं ते बदला. बाजूले चित्र कोणतं, डब्बा वर का खाली, काही सापडलं नाई तर काय म्हणायचं, सारं आपल्या हातात! मले असं बदलता येणारं काही भेटलं ना, की मी जेवण विसरते. मी लॅपटॉप ओट्यावर आणला अन् मामा-मामीले समोर बसवलं.

मामीनं पाहिलं. "हे भिंग काऊन लावलं?"

"शोधायची खूण असते ते, मामी."

"आपल्या मुंगवड्या का तिळायेवढ्या आहे, भिंगानं पाहायले? काढ ते."

काढलं. त्याच्या जागी बाण लावला.

"अन् हे 'शोधा' काय लिहिलं? काय हरवलं लोकाइचं?"

"मंग काय लिहू?"

"दारात कोणी आलं तर आपण काय म्हणतो? 'काय पाहिजे, सांगा.' तेच लिही."

लिहिलं. मामा म्हणे, "डब्बा वर कायले ठेवला? अंगठा तर खालीच राह्यते माणसाचा." डब्बा खाली आणला. रंग मामीच्या दाराचा, हिरवा. कोपरे गोल, कारण गोल मले आवडते.

शेवटी राह्यलं ते एकच. काही सापडलं नाई तर डब्बा म्हणे, "काही सापडले नाही." ते वाचून मामीचं तोंडच उतरलं. मामी दारात आलेल्याले "नाई" म्हणतच नाई. कुरड्या संपल्या असन तर म्हणते, "सोमवारी येजा." डब्यातलं पीठ संपलं तर संपलं नाई म्हणत, "वाढलं" म्हणते. कोणी निघालं तर "जातो" नाई म्हणू देत, "येतो" म्हणायले लावते. तिच्या घरात हे शब्द चालतच नाई, अन् मी तिच्याच नावाच्या साइटवर ते लावून ठेवले होते.

"लिही," मामीनं सांगितलं. "हाव जी, पाहून सांगते."

मी लिहिलं, अन् पाहायसाठी डब्यात टाकलं, "हत्ती". डब्बा म्हणे, "हाव जी, पाहून सांगते." मामा हासता हासता खोकलले. मंग लॅपटॉप आपल्याकडे ओढून एका बोटानं लिहून राह्यले. काय लिहिलं? "चांगली बायको". डब्बा म्हणे, "हाव जी, पाहून सांगते."

मामी म्हणे, "बरं झालं बाप्पा, मशीनच लागली शोधायले. मी सुटली."

आम्ही लय हासलो त्या दिवशी. अन् मंग मी ते सारं विसरून गेली.

काही दिवसांनी, सकाळीच, दारासमोर भाड्याची जीप थांबली. उतरल्या एक काकू, कडक इस्त्रीची साडी, हातात लग्नाची पत्रिका, कोपऱ्याले हळदकुंकू. आष्टीहून आल्या होत्या. पोरीचं लग्न पुढच्या सोमवारी, पत्रिका उशिरा छापून आल्या, म्हणून पहिली पत्रिका गणपतीले ठेवायले सारे निघाले होते. काकाजी अन् बाकीचे तसेच जीपनं देवळाकडे गेले. काकू दुसरी पत्रिका घेऊन आमच्या ओट्यावर.

"घ्या ताई," त्याइनं मामीच्या हातात पत्रिका दिली. "गणपतीनंतर तुमालेच. माह्या पोरीचं रुखवत तुमी करून राह्यल्या, मंग तुमी घरच्याच झाल्या ना. सामान झालं ना तयार? आता घेऊनच जातो म्हटलं."

मामीनं पत्रिका कपाळाले लावली. "हाव जी," म्हणे. "बसा, पाणी घ्या." अन् मले दंडाले धरून सैपाकघरात नेलं.

"पोरी, ह्या बाईनं कोणाले सांगितलं?"

"मले नाई."

"मामाले?"

मामा मागूनच म्हणाले, "मले कोणी काई सांगते का या घरात?"

मी बाहेर गेली. विचारलं, "काकू, तुमी ऑर्डर कशी दिली होती?"

"अवं, तुमच्या इंटरनेटवर. पोरगी म्हणे, आई, फोटो काढून ठेव त्याचा. थांब, दाखवते." त्याइनं मोबाइल पुढं केला.

अन् मले पाहिल्या पाहिल्या समजलं. तोवर मी तो डब्बा आपल्याच लॅपटॉपवर पाहिला होता, डब्बा बनवणाऱ्याच्या डोळ्यानं. दुसऱ्याच्या मोबाइलवर पहिल्यांदाच दिसला. खालच्या बाजूले, हिरवा, गोल कोपऱ्याचा, बाजूले बाण, आत लिहिलेलं "काय पाहिजे, सांगा". बाप्पा! हुबेहूब मेसेज पाठवायचा डब्बा! आम्ही तिघांनी एकेक गोष्ट लाडानं बदलली, अन् शोधायचा डब्बा बोलायचा होऊन बसला.

काकूनं लिहिलं होतं, "रुखवतासाठी तीन रंगाचे सरगुंडे अन् कुरड्या पाहिजे, आष्टी." आता डब्यात नुसतं "सरगुंडे" लिहिलं असतं तर सरगुंड्याचा फोटो आला असता. पण एवढ्या लांब नावाची वस्तू साइटवर कोठून असन? म्हणून डब्यानं सांगितलं, "हाव जी, पाहून सांगते."

पुढचा फोटो. काकूनं विचारलं, "लग्नाआधी होईन ना ताई?" डब्बा म्हणे, "हाव जी, पाहून सांगते."

त्याच्या पुढचा. "लय आभार." त्याच्यावर बी हाव जी!

मी जमलं तसं समजावून सांगितलं. काकू ऐकत होत्या अन् त्याइचा चेहरा असा उतरत गेला, मले पाहवेना. म्हणे, "आमच्याकडे रुखवत पाहायले सारा गाव येते, बाई. व्याही येईन, त्याइच्या बाया येईन. जाऊ म्हणत होती, मी करून देते कुरड्या. मीच नको म्हटलं. मोठ्या तोऱ्यानं सांगितलं साऱ्याइले, मी इंटरनेटवर सांगितलं हाय, केळझरहून येते माहं सामान." अन् मंग हळूच, "आता पाटावर काय मांडू मी?"

मी घाईघाईनं म्हटलं, "काकू, ती मामी नव्हती हो, ते आपोआप उत्तर..."

"थांब वं," मामी म्हणाली. "शब्द कोणाचा आहे तो?"

"तुहा."

"मीच सांगितला ना लिहायले? मंग मीच म्हटलं." अन् काकूकडे वळून, "ताई, हाव म्हटलं ते म्हटलं. रंग कोणते सांगितले तुमी?"

"पिवळा, लाल अन् हिरवा."

नव्या कुरड्या करायचा तर सवालच नव्हता. गहू भिजवायलेच तीन दिवस लागते, मंग वाटा, चीक काढा, वाळवा, त्याच्या भरवशावर कोण राहीन? मामी आतून घरचा पत्र्याचा डब्बा घेऊन आली. आमच्या वर्षभराच्या कुरड्या होत्या त्याच्यात, वरपर्यंत भरलेल्या.

मामा दारात उभे. "म्हणजे पावसाळ्यात आपण काय खावाव?"

"वेबसाइट तळून देईन तुमाले," मामी म्हणाली. "जा, बीट अन् पालक घेऊन या."

मामा गेले. मामीनं कणीक काढली. हळद घरची होतीच, पिवळा गोळा पहिले झाला. अन् काकूनं काय केलं सांगू? मोबाइल पिशवीत टाकला, पदर खोचला अन् म्हणे, "काडी द्या मले एक." आमच्याकडे रीतच आहे, वाळवणाच्या घरी गेलेली बाई हात चालवल्याबिगर उठत नाई. इस्त्रीची साडी घालून बसल्या चटईवर. अन् काय हात बाई त्याइचा! मी एक सरगुंडा काढते तोवर त्याइचे चार. मामी तिरप्या डोळ्यानं पाहून राह्यली होती. म्हणे, "ताई, तुमाले एवढं येते, तर माह्याकडून काऊन मागवले?"

"स्वतःच्या पोरीचे गुंडाळायले बसली की रडू येते," काकू म्हणाल्या. "इथी नाई आलं अजून." अन् असं म्हणता म्हणता आलं थोडंसं. मामीनं कणकीचा गोळा अजून मोठा तोडून दिला.

देवळातून जीप वापस आली तेव्हा बिटाचे लाल सुरू झाले होते. काकाजी उतरले, कपाळाले शेंदूर, हातात नारळ. "चाल, पत्रिका ठेवली गणपतीपाशी. सामान झालं का?"

"होऊन राह्यलं," काकू म्हणाल्या. "या, चादर धरा."

नवरीच्या बापानं नारळ ओट्यावर ठेवला अन् खरंच चादर धरली. एका टोकाले ते, दुसऱ्या टोकाले मामा. दोघं लग्नाच्या जेवणाचं बोलून राह्यले होते अन् चादर पार ढिली. मामीनं दोघाइलेही रागावलं.

कुरड्या त्या दिवशीच आष्टीले गेल्या. सरगुंडे आमच्या उन्हात कडक वाळले अन् मामा एसटीनं, वर्धा-आर्वी करत, मांडीवर खोकं घेऊन पोचवून आले. खोक्याले एसटीत कोणाचा धक्का लागू दिला नाई म्हणे, सांगून सांगून कान पिकवले.

मी त्याच दुपारी लॅपटॉप काढला होता. भिंग लावते, डब्बा वर नेते, "काही सापडले नाही" लिहिते, गोष्ट खतम. मामीनं मागून पाहिलं. "हे काऊन?"

"लोक चुकून त्याच्यात बोलते, मामी."

"मंग बोलू दे ना. लोक बोलून राह्यले आपल्यासंगं अन् तू दार लावून राह्यली."

मी थांबली. बरोबर होतं तिचं. मंग मी उलटंच केलं. डब्बा खालीच, हिरवाच. पापड लिहिलं तर पापड दाखवते. अन् सापडलं नाई तर लिहिलेलं सारं मेसेज होऊन मामीच्या मोबाइलवर येते, खाली नंबर लिहायची जागा. आता "हाव जी, पाहून सांगते" म्हटल्यावर पाहणारं कोणीतरी खरंच आहे. आधी अजून कोणाकोणाले आमच्या डब्यानं हाव जी म्हटलं असन, देव जाणे. मामी म्हणे, येईन तर येऊ दे, अन् एक खोकं भरून बाजूले ठेवलं आहे.

तेव्हापासून काय काय येते सांगू! जवसाची चटणी करता का. देवळात आज गर्दी आहे का. एकानं नुसतं लिहिलं, "नमस्कार". मामी साऱ्याइले उत्तर देते, एकेक अक्षर शोधून, मामाले विचारून.

अन् आत्ता, म्हणजे हे लिहायले बसली त्याच्या थोडं आधी, मामीच्या मोबाइलवर आष्टीहून आलं. आधी फोटो: पाटावर पिवळे, लाल, हिरवे सरगुंडे, मधात मोरासारखं काहीतरी मांडलेलं, बाजूले आमच्या घरच्या कुरड्या, नवरीसारख्याच नटलेल्या. खाली काकूनं लिहिलं, "लग्न झालं. रुखवत साऱ्याइनं पाहिलं. व्याहीणबाई इचारते, त्याइच्या पोरीचं दिवाळीनंतर हाय. तुमी कराल का ताई?"

मामीचे हात कणकीनं भरलेले. म्हणे, "लिही ना वं."

"काय लिहू?"

"आता हेबी मीच सांगू?"

लिहिलं मी. तेच लिहिलं. आता चादर धरायले जाते, नाई तर मार खाईन. पण तुमी सांगा ना, तुमीबी कधी शोधायच्या डब्यात माणसासारखं बोलल्या का? अन् तिकडून कोणी खरंच हाव म्हटलं का तुमाले?