साहेबांसाठी ठेवलेली चूक

दर रविवारी दुपारी चारच्या सुमाराला नकाशेकाकांच्या कॉम्प्युटरला काहीतरी व्हायचं. सोमवार ते शनिवार तो धापा टाकत का होईना, पण चालायचा. रविवारी मात्र कधी प्रिंटर रुसायचा, कधी आवाज जायचा, कधी चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमधली डावीकडची सगळी हत्यारं गायब व्हायची. "या डब्याला वार बरा कळतो," काकू म्हणायच्या. काका ऐकू न आल्यासारखं दाखवून चष्मा पुसत बसायचे.

सहा वाजता लेकीचा फोन यायचा. तिकडे, ती राहते तिथे, तेव्हा सकाळ असायची. आधी ती आईशी बोलायची, आणि त्या दोघींचं बोलणं म्हणजे वाहता नळ. शेजारीण, गुडघे, पडद्याचं कापड, काही म्हणून शिल्लक राहायचं नाही. मग फोन काकांकडे आला की नळाचं पाणीच जायचं.

"बरे आहात ना, बाबा?"

"हो. तू?"

"मी पण."

यापुढे काय बोलायचं हे बापलेकींना नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. माया नव्हती असं नाही. मग काका खाकरून म्हणायचे, "ते जरा प्रिंटरचं बघतेस का?" आणि ती म्हणायची, "थांबा, मी आत येते."

आत येते म्हणजे तिकडून इकडचा कॉम्प्युटर चालवते. तशी सोय तिने जाण्यापूर्वीच करून ठेवली होती. तिचा लॅपटॉप तिच्या मांडीवर आणि बाण काकांच्या पडद्यावर. काका माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवायचे, कारण एका बाणाला दोघं ओढू लागले की तो नुसता थरथरतो. आणि मग तो बाण आपला आपण हलायचा. कुठे जायचं ते ठरवण्याआधी रिकाम्या जागी दोनदा गोल फिरायचा.

ते गोल फार जुने होते.

काकांनी सदतीस वर्षं बांधकाम खात्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढले. तिथे एक रीत होती. ज्याने नकाशा काढला त्याने तो तपासायचा नाही. कोपऱ्यात दोन चौकटी असत, एक 'काढणारा' आणि एक 'तपासणारा', आणि दोन्हीत दोन वेगळ्या सह्या. आता तपासणाऱ्या साहेबांना चूक सापडली नाही की त्यांना बसल्या जागी अस्वस्थ व्हायचं, आणि मग ते चांगल्या रेषा खोडायला लावायचे. म्हणून जुनीजाणती माणसं एक चूक मुद्दाम ठेवत. जिन्याची एक पायरी कमी, नाहीतर उत्तरेचा बाण जरा कलता. साहेब ती शोधत, लाल पेन्सिलीने गोल करत, खूश होत, आणि उरलेला नकाशा सुखरूप पास होई. या चुकीला ऑफिसात 'साहेबांचा घास' म्हणत. काका घास ठेवण्यात पटाईत होते. फार सोपी चूक ठेवली तर साहेबांचा अपमान, फार अवघड ठेवली तर ती तशीच बांधली जायची. एका दवाखान्याला दार नसलेली एक खोली आहे, ती कोणामुळे हे काका कधी सांगत नसत.

लेक पाच-सहा वर्षांची असताना ते तिच्यासाठी राक्षसांच्या घरांचे नकाशे काढत आणि त्यातही घास ठेवत. ती कागदावर पालथी पडून सरपटायची, म्हणून तिचं नाव मुंगी. हातात लाल खडू. तो ती कागदाच्या वर हवेत दोनदा गोल फिरवायची आणि मग नेमका चुकीवर टेकवायची. "बाबा, राक्षसाला संडासच नाही!" खाली 'तपासणारा'च्या चौकटीत एक मुंगी काढायची, सहा पायांची.

तर रविवारचे ते बिघाड म्हणजे घासच होते. प्रिंटरची वायर काका स्वतः सैल करायचे. हत्यारांची पट्टी ते स्वतः लपवायचे. एकदा तर झाकण उघडून मेमरीची पट्टी अर्धवट उचलून ठेवली. कॉम्प्युटर सुरू करताच तीनदा टूं-टूं करून आंधळा झाला. त्या रविवारी काकूंनी मोबाइल धरला आणि तिने तिकडून सव्वा तास पट्टी बसवायला शिकवलं. "आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, बाबा. अंगातली वीज उतरू दे. घाई करू नका." काकू म्हणाल्या, "उंटावरून शेळ्या हाकतेय बघा पोरगी." काका म्हणाले, "हाकू दे गं." त्यांना कॉम्प्युटर दुरुस्त नको होता. त्यांना ती हवी होती. ती मिळत नव्हती म्हणून बाण. दुधाची तहान ताकावर.

पण कॉम्प्युटर खरोखरही म्हातारा होता. चौदा वर्षांपूर्वी लेकीने नोकरी लागल्यावर घेतलेला. आणि निवृत्तीनंतर काकांनी त्याच्यावर जे काम काढलं होतं, ते त्याला झेपणारं नव्हतं. ज्या वसाहतीत मुंगी वाढली ती ऑफिसच्या क्वार्टर्सची वसाहत पाडून आता तिथे गोदाम झालंय. काका ती नकाशात पुन्हा बांधत होते. बारा घरं, प्रत्येकाच्या खिडक्या, कपड्यांच्या दोऱ्या, पंपाची खोली, गंजकं फाटक, बदामाचं झाड. मापं तोंडपाठ, कारण तिथल्या गटारांचा नकाशा त्यांनीच काढला होता. गटारंही काढली, एकही चेंबर सोडलं नाही. आमच्या मते एवढी गटारं कुठल्याही प्रेमपत्रात आजवर गेली नसतील. खिडकी असो की दोरी, प्रत्येकीला नकाशाचा वेगळा थर, असं करत करत तीनशे थर झाले, आणि फाइल उघडायला अकरा मिनिटं लागू लागली. काका फाइल उघडायला टाकून अंघोळ करून येत.

हे एका रविवारी बाणाने पाहिलं. आतली माहिती उघडून वरखाली फिरला, थांबला.

"बाबा, यात मेमरी काहीच नाही. डिस्कपण जुनी, फिरणारी आहे. एवढं मोठं काम यावर करताय तुम्ही? सांगितलं का नाही?"

"चालतंय की."

"कुठे चालतंय? रांगतंय. मी नवीन डिस्क आणि मेमरी पाठवते. मग कटकटच संपेल सगळी."

काका म्हणाले, "कशाला उगाच." त्यांचा चेहरा असा झाला की काकूंनी फोन ठेवल्यावर विचारलं, "काय हो, कोण गेलं?"

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. काकांनी ते कपाटात ठेवलं. पहिल्या रविवारी पाठ धरली होती. दुसऱ्या रविवारी कॅबिनेटचा स्क्रू हरवला. तिसऱ्या रविवारीही तो सापडेना, तेव्हा काकू फोनजवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या, "मुंगे, स्क्रू सदऱ्याच्या खिशात आहे. आठवडाभर सदरा बदलला की स्क्रूही खिसा बदलतोय."

मग नाइलाज झाला. पण खरं सांगायचं तर तो रविवार सगळ्यांत चांगला गेला. काकांनी रंगाच्या ब्रशने पंख्यातली धूळ झाडली. नवी मेमरी दोन्ही बाजूंच्या खटक्यांचा आवाज येईपर्यंत दाबली. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायला तीन तास लागले, आणि तीन तास ती आत होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, बाण तिच्या शेजारी उभा होता. मधेच ती म्हणाली, "चहा घेऊन येते." बाण तिथेच थांबला. काकांनीही कप आणला आणि त्या उभ्या बाणासमोर बसून चहा प्यायला.

नऊ वाजता पट्टी संपली. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला, अठरा सेकंदांत उभा राहिला. वसाहत काकांनी कप खाली ठेवायच्या आत उघडली, फाटकापासून पंपापर्यंत.

"बघा!" ती तिकडून ओरडली. "आता दहा वर्षं बघायला नको."

"हो," काका म्हणाले. "दहा वर्षं."

त्यानंतरचे रविवार चार मिनिटांचे झाले. "सगळं ठीक चाललंय ना, बाबा?" "उत्तम." "मग ठेवते?" ठेवायची. काका पडद्यासमोर बसून राहायचे. काम वेगाने व्हायचं, पण कोणासाठी करतोय असं वाटायचं.

एका रविवारी त्यांनी प्रिंटरची वायर सैल केली. ती म्हणाली, "वायर बघा बाबा, सैल असेल," आणि संपलं. पुढच्या रविवारी त्यांनी झाकण उघडलं, मेमरीच्या खटक्यावर अंगठा ठेवला. पट्टीवर बारीक कागद चिकटवलेला होता, बसवताना चष्म्याशिवाय दिसला नव्हता. तिचं अक्षर. 'बाबा, जपून.' काकांनी झाकण लावलं आणि सगळे स्क्रू पिळले.

मग त्यांनी नकाशातच घास ठेवला. वसाहतीतला झोपाळा खरा फाटकाजवळच्या खांबांना होता. तिथून पडून मुंगीची हनुवटी फुटली होती, टाके पडले होते. तिला तो विसरणं शक्य नव्हतं. काकांनी तो उचलून बदामाच्या झाडाखाली नेला. कोपऱ्यात दोन चौकटी आखल्या, एकीत सही केली, आणि नकाशा तिला पाठवला. खाली लिहिलं, 'तपासून दे.'

दोन दिवसांनी उत्तर आलं. 'खूपच छान बाबा! कामात आहे, नीट बघते नंतर.' आणि एक अंगठा.

काकांनी तो अंगठा बराच वेळ पाहिला. रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पोरगी नोकरी करते, एकटी राहते, स्वतःचं स्वतः करून खाते. म्हाताऱ्याच्या गटारांत किती वेळ घालवणार? हे सगळं त्यांना पटत होतं, आणि तरीही त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. पुढचे दोन रविवार ते फोनच्या वेळेला भाजी आणायला गेले. काकू तिकडे काय बोलल्या कोणास ठाऊक.

तिसऱ्या रविवारी पाऊण तास आधीच फोन वाजला. काका पिशवी घेऊन दारात होते.

"तुमच्यासाठी आहे," काकू म्हणाल्या.

"बाबा," लेक म्हणाली, "माझा कॉम्प्युटर बिघडलाय."

काकांनी पिशवी खाली ठेवली. "काय होतंय?"

"सुरूच होत नाही. नुसता टूं-टूं करतोय."

"कितीदा?"

"तीनदा."

"मेमरी सैल झाली असणार," काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. आवाज ऑफिसात असायचा तसा झाला होता. "घाबरू नकोस. वायर काढलीस? आता असं कर, आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव. अंगातली वीज उतरू दे."

"लावला."

"आता बाजूचा पत्रा काढायचा. मागे स्क्रू असतील."

काकू कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या, "अहो, तिच्याकडे तो मांडीवरचा आहे ना? त्याला कुठला आलाय बाजूचा पत्रा?"

काकांनी हात वर करून त्यांना गप्प केलं. हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. इतका सोपा घास त्यांनी कुठल्याही साहेबाला ठेवला नसता. डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा काढला, आणि तो पुसायचं विसरून हातातच धरून बसले.

"काढतेय हां, बाबा," ती म्हणाली. तिकडून कसलाच आवाज येत नव्हता, स्क्रूचा नाही, पत्र्याचा नाही. नुसता तिचा श्वास. मग म्हणाली, "झोपाळा चुकलाय. फाटकाजवळ होता तो. माझी हनुवटी विचारा."

"अस्सं?" काका म्हणाले. "बघतो. स्क्रू निघाले?"

"तीन निघाले. चौथा फार घट्ट आहे."

"मग सावकाश काढ," काका म्हणाले. "घाई करू नकोस. मी आहे इथे."