कुजबुजेंचा दम

आमच्या नाटक कंपनीत त्यांना सगळे कुजबुजे म्हणतात. आम्ही वाक्य विसरलो, की विंगेत स्टुलावर बसून ते हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. वय झालं तशी माझी पाठांतराशी फारकत झालीय. टाळ्या मला मिळतात, पण त्यातल्या अर्ध्या कुजबुजेंच्या आहेत.

गेल्या हंगामात त्यांचे पाय सुजले. बोट दाबलं की खड्डा पडायचा. आडवं झालं की दम लागे, म्हणून घरी बसूनच झोपत. पुढे पुढे कुजबुजही तुटायला लागली. अर्धं वाक्य सांगून ते श्वास घ्यायचे आणि मी भर प्रयोगात त्या श्वासाची वाट बघत उभी! माणूस हातचा जातोय की काय, अशी धास्ती वाटायची.

शेवटी मी त्यांच्या बायकोला फोन केला. "वहिनी, औषध चालू आहे ना?"

"कसलं चालू! अंगातलं पाणी काढायची गोळी आहे. घेतली की सारखं लघवीला जावं लागतं. म्हणून प्रयोगाच्या दिवशी घेतच नाहीत. म्हणतात, दुसऱ्या अंकात उठावं लागलं तर बाईंचं कसं व्हायचं?"

आणि आमचा प्रयोग जवळजवळ रोज! आधी मी संतापले, मग ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली. "काका, हृदय थकलंय, म्हणून पाणी साठतंय. गोळी घेता तेव्हा कधी घेता?"

"दुपारी, जेवण झालं की."

"मग सकाळी उठल्या उठल्या घ्या. दुपारपर्यंत तिचा जोर ओसरतो. मीठ कमी करा, रोज वजन बघा, रक्त तपासायला या. आणि आपल्या मनाने बंद करायची नाही."

"एवढं सोपं होतं?" कुजबुजे पुटपुटले.

"विचारलं असतंत तर," मी म्हटलं. "जन्मभर दुसऱ्यांना सांगत आलात, स्वतः कुणाला विचाराल तर शपथ!"

काही दिवस त्यांनी घरी विश्रांती घेतली. हळूहळू सूज उतरली. "सकाळ सगळी संडासात जाते," ते हसून सांगू लागले, "पण संध्याकाळ माझी." त्या गोळीचे आणि त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

ते परतले त्या प्रयोगात, दुसऱ्या अंकात, मी मध्येच थांबले. विंगेतून पुढचं लांबलचक वाक्य आलं, एका दमात, कुठेही न तुटता.

खरं सांगते, ते वाक्य मला चांगलं पाठ होतं.